गाडी किती उचलायची?

सातारा
रविवार, सकाळ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू जिम्नी उंच करायच्या त्या किटचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच विचारलंस, "बाबा, दोन इंच की चार?" मी नुसता अंगठा दाखवला नाही म्हणून रुसली असशील. आई म्हणाली, लिहून पाठवा, फोनवर तुम्ही दोघं भांडता. म्हणून हे पत्र.

दिवाळीत तुझी जिम्नी चार दिवस अंगणात होती, तेव्हा मी गोधडी अंथरून तिच्याखाली झोपून आलो. तुला बोललो नव्हतो. तीस वर्षं ट्रकचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवण्या-चढवण्यात गेली, त्यामुळे गाडी समोरून बघायची मला सवयच नाही. बामणोलीकडच्या त्या कच्च्या वाटेवर "गाडी खाली घासली, उंची कमी पडली" असं तू सांगितलंस, तेव्हा नेमकं काय घासलं ते बघायचं होतं. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर, म्हणजे चाकांना ताकद वाटणारे गिअर ज्यात असतात त्या एक्सलच्या फुगीर भागावर, तीन ओरखडे आहेत, पुढच्यावर एक. जांभ्याची लाल भुकटी अजून तिथे चिकटलेली होती. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोटाला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, एकही ओरखडा नाही.

आता हे नीट ऐक. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच सलग कणा. स्प्रिंग एक्सलच्या वर बसते. तू लांब स्प्रिंग घातलीस तर चासी वर जाईल, बॉडी जाईल, सीट जाईल, सीटवर बसलेली तू जाशील. एक्सल मात्र होता तिथेच राहणार, कारण तो चाकांना धरून आहे. आणि गोळा त्या एक्सलमध्येच. चार काय, चाळीस इंच उचललीस तरी जो दगड त्या गोळ्याला लागला तो पुन्हा लागणारच. (तुझ्या थारवाल्या मित्राचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि पुढचा गोळा चासीला बांधलेला. त्याने उचलली तर पुढचा गोळा वर जातो, पण गोळ्यातून चाकाकडे जाणारे अर्धे शाफ्ट तिरपे होऊन त्यांचे जॉइंट रडायला लागतात. त्याचं बघून तू ठरवू नकोस.)

गोळा वर न्यायचा तर टायर मोठं घालावं लागतं, आणि तिथेही व्यास वाढेल त्याच्या निम्मंच हाती लागतं. तुझ्या गाडीचं टायर 195/80 आर 15, म्हणजे व्यास साधारण 693 मिलिमीटर. 215/75 घातलंस तर 703 च्या आसपास. सगळा खर्च करून गोळा पाच मिलिमीटर वर! 235/75 घातलंस तर 733, म्हणजे गोळा 20 मिलिमीटर वर. कंपनी खालची मोकळी जागा 210 सांगते, ती 230 होईल. पाऊण इंच. ऐकायला कमी वाटतं, पण तुझे ओरखडे एवढ्यात वाचले असते.

मग स्प्रिंग बदलायचीच कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे 235 चं टायर मूळ उंचीवर मडगार्डला घासतं, स्टेअरिंग पूर्ण वळवून एक चाक वर दाबलं गेलं की हमखास. त्याला जागा हवी. दुसरं, तुझी गाडी पाच दारांची. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 2250 मिलिमीटर आहे, तुझीचा 2590. लांब गाडीचं पोट बांध ओलांडताना आधी टेकतं. पोट न टेकता बांध ओलांडता येतो तो मधला कोन तीन दारांचीला 28 अंश मिळतो, तुझीला 24. पोटाचं हे दुखणं मात्र उंच स्प्रिंगने कमी होतं. अजून तुझं पोट टेकलेलं नाही, पण तुम्ही चाळकेवाडीच्या पुढे जायचं म्हणताय, तिकडे टेकेल.

तर माझं उत्तर: स्प्रिंग 40 ते 50 मिलिमीटर, म्हणजे तुझे ते दोन इंच, त्याच्या वर नाही. आणि पैसे अपुरे पडत असतील तर आधी टायर.

चारला माझा एवढा विरोध का, ते तुला आई जास्त रंगवून सांगेल. तू तेव्हा अडीच वर्षांची, तिच्या मांडीवर. आपल्या जुन्या जीपला उंच करायला मी हौसेने लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारे दुवे, बसवले होते. पाटेवाल्याचीच जीप, तिला कोण अडवणार! रस्त्यावर उभी राहिली की लोक वळून बघायचे. मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालो, तर पहिल्याच मोठ्या वळणानंतर स्टेअरिंग परत येईना. एरवी वळण संपलं की हातातून आपोआप सरळ होतं ना, ते झालंच नाही. मी ओढून आणेपर्यंत पुढचं चाक कठड्याला घासलं. आई तुला घेऊन उतरली आणि पुढचं अर्धा मैल चालत आली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शॅकल मी दुसऱ्या दिवशीच काढले.

झालं होतं असं. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, बघ. हात सोडले तरी सायकल सरळ जाते, त्यात त्या तिरकेपणाचा मोठा वाटा असतो. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. पुढून उचलली की एक्सल थोडा फिरतो आणि हा कल कमी होतो. दोन इंचांत तो एक्सलच्या आर्ममधल्या वेगळ्या बुशांनी भरून काढता येतो. चार इंचांत नुसत्या बुशांनी भागत नाही, एक्सलला चासीशी जोडणारे ते आर्मच बदलावे लागतात. एक्सलला आडवा धरून ठेवणारा रॉड असतो, तोही उंची वाढली की एक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणून तो लांबी कमी-जास्त करता येणारा घ्यावा लागतो. शिवाय गोळ्यापर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर जातात, ब्रेकचे होज ताणले जातात. किटच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फक्त स्प्रिंग आणि शॉकअप, तेही छान पिवळे.

कलंडण्याचा हिशेब मी कागदावर केला. गुरुत्वमध्य मी मोजलेला नाही, पण समजण्यापुरता 650 मिलिमीटर धर आणि दोन चाकांतलं अंतर 1400. उभी गाडी साधारण 47 अंशांवर कलंडेल. दोन इंच उचलली तर 45, चार उचलली तर 43. वळणावर वेगात असताना त्याच्या कितीतरी आधी. त्यात तू वर कॅरिअर लावून तंबू टाकणार.

शॉकअपचंही बघ. काही जण स्प्रिंगवर नुसता ठोकळा ठेवून देतात आणि शॉकअप जुनाच ठेवतात. शॉकअपची लांबी तेवढीच, म्हणजे गाडी जेवढी वर गेली तेवढी चाकाची खाली लोंबायची जागा गेली. खड्ड्यावर चाक लवकर अधांतरी होतं आणि फिरत बसतं. उंच दिसणारी गाडी मूळच्या गाडीपेक्षा आधी अडकते, हे मी कितीदा तरी बघितलंय. स्प्रिंगला साजेसा लांब शॉकअप घे.

आणि स्प्रिंग मागवण्याआधी तुझं सामान ठरव. विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) आणि लोखंडी बंपर लावायचा असेल तर पुढचं वजन चांगलंच वाढेल, त्याला वेगळी स्प्रिंग लागते. लावायचा नसेल आणि जड स्प्रिंग घेतलीस तर दोन इंचांची तीन इंच उचलेल आणि पाठ मोडेल. येताना टाकी भरून, सामान घालून ये. आपण पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी वजनकाट्यावर चढवू. ऊसवाल्यांचा काट्यावर भरवसा नाही हा भाग वेगळा, पण आपल्याला दहा-वीस किलोंचा फरक चालेल.

मोठ्या टायरवर मीटर 80 दाखवेल तेव्हा तू 85 च्या आसपास असशील, हे लक्षात ठेव. पाचव्या गिअरमध्ये चढ ओढणार नाही म्हणून तक्रार करू नकोस, ते इंजिन 134 न्यूटन-मीटरचं आहे. हेडलाइट खाली करून घे, नाहीतर खंबाटकीत समोरचा शिव्या देईल.

कायद्याचं आधी विचार. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच निकाल दिलाय की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. तेव्हा किटचे पैसे भरायच्या आधी आरटीओत विचार आणि विमा कंपनीकडून लेखी घे. ते नाही म्हणाले तर मूळ उंचीवर जे चांगलं टायर बसेल ते बसवू आणि गोळ्याखाली जाड पत्रा लावू. मला त्यातही वाईट वाटणार नाही.

कासच्या सड्यावर चाक घालायचं नाही, हे पुन्हा सांगतो. 2012 पासून ते जागतिक वारसा आहे म्हणून नव्हे, त्या कातळावर माती दोन बोटं असते म्हणून.

काल संध्याकाळी अंगणात तुझ्या गाडीच्या पायरीएवढ्या विटा रचल्या आणि आजीला चढायला लावलं. चढली. वर दोन इंचांची फळी आणि टायरची पाऊण इंचाची पट्टी ठेवली, तर माझा हात धरून, दोनदा विठ्ठल म्हणून चढली. आणखी दोन इंचांची ठेवली तेव्हा खालूनच म्हणाली, "मी आपली एसटीने जाईन."

तुझे,
बाबा