पाणी किती दिवसांनी येतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुळे सोलापुरात आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक छोटा कॅफे आहे. तिथे झाडंही विकायला ठेवतात. परवा नात हट्टाने घेऊन गेली. तिने कोल्ड कॉफी घेतली, मी चहा. खिडकीपाशी एक फर्न होती, इतकी हिरवीगार की मी कुंडी उचलूनच काउंटरवर नेली.

तिथल्या मुलीने पैसे घेतले नाहीत. आधी विचारलं, "आजी, तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं?"

चार दिवसांआड, मी म्हणाले. बाल्कनी कुठल्या दिशेला? पश्चिमेला. "मग ही नका नेऊ. आपल्या उन्हात आठ दिवसांत पानांच्या कडा करपतील." हातात आलेलं गिऱ्हाईक तिने असं परत पाठवलं, ते मला फार भावलं. सोलापुरात झाड विकताना हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. उजनी धरण भरलं तरी आमच्या घरी पिंपं भरूनच ठेवावी लागतात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा तांदूळ-भाजी धुतलेलं पाणीसुद्धा मी कुंड्यांसाठी राखून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी ६०० रुपयांचा अरेका पाम आणला होता. "याला काही लागत नाही, रोज थोडं पाणी घाला," एवढंच त्याने सांगितलं. मी मनापासून घातलं. तरी झाड वाळलं. उपटून पाहिलं तर कुंडीतली काळी माती ओली, पण मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा विटेसारखा टणक आणि आतून कोरडा ठाक. पाणी बाजूने निघून जात होतं, मुळांना थेंबही मिळत नव्हता. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

हे त्या मुलीला सांगितलं, तर तिने एक रोप पिशवीतून काढून तो गोळाच दाखवला. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रक भरून रोपं येतात. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ती अशा चिकट मातीत बांधलेली असतात. कुंडीत लावण्याआधी गोळा बादलीत भिजवायचा, कडेची माती बोटांनी हलकेच सोडवायची आणि मग लावायचं. शिवाय एसीतलं झाड एकदम उन्हात ठेवायचं नाही. आठवडाभर सावलीत, मग फक्त सकाळचं ऊन. इतकं साधं कुणी आधी सांगितलं असतं, तर माझा पाम जगला असता.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि मी ती तिथेच बोलले. मुलांच्या टेबलाशेजारी, अगदी त्यांच्या हाताशी, डिफेनबेकियाची कुंडी होती. त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. मुलीने लगेच ती वरच्या फळीवर ठेवली.

मला तिने स्नेक प्लांट दिला, आणि चिनी गुलाबाच्या चार काड्या ओल्या कागदात गुंडाळून अशाच दिल्या. काड्या रुजल्या आहेत. पश्चिमेचं ऊन त्यांना मानवलेलं दिसतं.

आपल्या वृत्तपत्रातून शहरातल्या सगळ्या झाडं विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : प्रत्येक कुंडीला एक कार्ड लावा. ऊन किती, पाणी किती दिवसांनी, लहान मुलांपासून आणि जनावरांपासून लांब ठेवायचं का, एवढंच लिहा, पण मराठीत लिहा. जमलं तर तेलुगू आणि कन्नडमध्येही, कारण आपल्या गावात घरोघरी या भाषा बोलल्या जातात. त्या कॅफेसाठी पहिली वीस कार्डं मी स्वतः लिहून दिली आहेत. फळ्यावर लिहिण्यात आयुष्य गेलं, अक्षर अजून चांगलं आहे. शहराच्या पूर्व भागातली माझी एक जुनी सहकारी तेलुगू मजकूर लिहून द्यायला तयार आहे. कन्नड लिहिणारं कुणी पुढे आलं, तर इतर रोपवाटिकांनाही आम्ही विनामूल्य लिहून देऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर