पिकअपमधली शीळ

लबक, टेक्सस

ती. अण्णा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

अण्णा, गाडीतला आवाज सापडला. फोनवर तुम्ही दर वेळी विचारायचात आणि मी "शोधतेय" एवढंच म्हणायचे, कारण ही गोष्ट चार वाक्यांत सांगून होणारी नव्हती. आज निवांत लिहिते. पत्र दादालाही वाचायला द्या. त्याच्या गाडीबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी इथल्या वाऱ्याबद्दल सांगते, त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. लबक हे जवळजवळ १,००० मीटर उंचीवरच्या पठारावर वसलंय आणि पठार असं सपाट की वाऱ्याला अडवायला मैलोन्‌मैल टेकाड नाही. मार्च-एप्रिलमध्ये लाल धूळ उडते आणि भरदुपारी दिवे लावून गाड्या चालवाव्या लागतात. ११ मे १९७० ला इथे मोठा टोर्नाडो आला, त्यात २६ माणसं गेली. त्यानंतर इथल्या टेक्सस टेक विद्यापीठात वाऱ्याचा अभ्यास सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. माझं काम कापसाच्या शेतांवर आणि प्लेनव्ह्यूकडच्या जिनिंगवर, म्हणजे सारखं इंटरस्टेट २७ वरून उत्तर-दक्षिण जा-ये. या रस्त्यावर ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटरची मुभा आहे आणि सगळे त्याच वेगाने जातात.

या वेगाला गाडीत दोन आवाज यायचे. एक जाडा, घुमणारा. दुसरा शीळ घातल्यासारखा बारीक. ६० मैलांच्या पुढे सुरू व्हायचा आणि ७५ ला डोकं उठवायचा. शेतावरून घरी पोचेपर्यंत कान शिणून जायचे. तुमच्याशी गाडीतून बोलताना "काय म्हणालीस?" हे तुम्हाला सारखं विचारावं लागायचं, ते त्यामुळेच.

वेगाचा आणि या आवाजाचा संबंध मला फार विलक्षण वाटला. हवा एखाद्या कडेवरून, आरशावरून, खांबावरून जाताना जो आवाज उठतो, त्याची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला की आवाजाची ताकद ६४ पट. ६० वरून ७५ मैल, म्हणजे वेग नुसता सव्वापट, पण आवाज पावणेचार पटींच्या वर जातो. गावात गाडी अगदी शहाण्यासारखी वागते आणि हायवेला लागली की कल्लोळ करते, त्याचं कारण हे. गॅरेजवाल्याने दारात उभी करून तपासली तर त्याला काहीच सापडणार नाही.

तुम्ही डेपोत लाकडी दांडी कानाला लावून इंजिन ऐकायचात आणि शिकाऊ पोरांना सांगायचात, "एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गेलं ते कळणार नाही." मी तोच धडा धरला. तुमचे जावई गाडी चालवत आणि मी शेजारी बसून ऐकत असे. चालवणाऱ्याने स्वतः ऐकत बसायचं नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवशीच केला.

पहिली गंमत दिशेची. वारा पश्चिमेचा होता. प्लेनव्ह्यूकडे, म्हणजे उत्तरेला जाताना तो ड्रायव्हरच्या बाजूवर आदळतो (इथे ड्रायव्हर डावीकडे). तेव्हा शीळ हळू. परत येताना तोच वारा दुसऱ्या बाजूने आला की शीळ मोठी, आणि ती मात्र ड्रायव्हरच्याच बाजूला. वारा जिथे आदळतो तिथे आवाज व्हावा, असं कुणालाही वाटेल. पण आडोशाच्या बाजूला, पुढच्या काचेच्या खांबावरून हवा वळताना, दाब एकदम उतरतो आणि ती जागा आतली हवा ओढायला लागते. वळवाच्या वादळात आपल्या गोठ्याचे पत्रे उडाले होते, आठवतं? ते वाऱ्याने ढकलून नाही, वरून उपसून नेले होते. दारावर आणि काचेवर तसाच उपसा चालतो.

मग केबिनचा पंखा बाहेरची हवा घेऊन जोरात सोडला, तर शीळ चढली. पलीकडच्या, माझ्या बाजूच्या दाराची काच बोटभर खाली केली, तर शीळ उतरली. म्हणजे केबिनमधली हवा कुठल्या तरी फटीतून बाहेर निसटत होती. जाड्या आवाजाला मात्र पंख्याने काही फरक पडला नाही. दोन आवाजांची दोन कारणं आहेत हे तिथेच ठरलं आणि निम्मं काम झालं.

फट कुठे आहे, हे कानाने कळत नाही. मला तर शीळ कानामागे, दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात ऐकू यायची. आवाज छताच्या पोकळ पट्टीतून धावतो आणि भलतीकडेच बाहेर पडतो. म्हणून इथे रंगारी वापरतात ती निळी कागदी टेप आणली. ती रंगाला धरून बसत नाही, डागही ठेवत नाही. डाव्या बाजूची एकूण एक फट बंद केली: दाराच्या चारी कडा, आरशाचं बूड, छताची पट्टी, पुढच्या काचेची किनार. त्या बाजूने चढता येईना, म्हणून जावयांना पलीकडून सरकत यावं लागायचं. हायवेला गेलो आणि शीळ साफ गेली.

मग एकेक पट्टी काढायची, तोच रस्ता, तोच वेग, पुन्हा ऐकायचं. दाराची मागची कड उघडी केली, काही नाही. छताची पट्टी काढली, काही नाही. आरसा मोकळा केला, जाडा आवाज किंचित वाढला पण शीळ नाही. पुढच्या काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली वीतभर टेप ओढली आणि शीळ जशीच्या तशी परत. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी ओरडलेच.

घरी आल्यावर साबणाच्या पाण्याने खात्री केली. पिकअपच्या केबिनच्या मागच्या भिंतीत, सीटच्या पाठीमागे, रबरी झडपा असतात. दार लावताना आतली हवा तिथून निघते आणि कान दडपत नाहीत. त्या झडपा टेपने बंद केल्या, काचा वर केल्या, पंखा पूर्ण सोडला आणि बाहेरून ब्रशने काचेच्या किनारीला साबणाचं पाणी लावत गेले. सगळीकडे पाणी नुसतं ओघळत होतं. त्या कोपऱ्यात आलं तसा आधी बोराएवढा एक फुगा आला, तो फुटला, मग पाठोपाठ बारीक फेस येतच राहिला. जावयांनी आत जाऊन पंखा बंद केला की फेस थांबायचा, चालू केला की पुन्हा सुरू. डोळ्यांनी दिसलं की मनात काही शंका उरत नाही.

कारणही उलगडलं. गेल्या वसंतातल्या गारपिटीत ही काच तडकली होती आणि एका दुकानातून बदलून घेतली होती. काच ज्या काळ्या युरेथेनने चिकटवतात, त्याची वळी त्या कोपऱ्यात सलग पडलीच नव्हती. वरची रबरी पट्टी फट झाकत होती, पण हवा अडवत नव्हती. फुग्यांचा व्हिडिओ दाखवला तसं दुकानाने काच तारेने कापून सोडवली, चौकट साफ केली आणि नव्याने बसवून दिली.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, दादालासुद्धा. अशा फटीवर वरून सिलिकॉनची ट्यूब फासायची नाही. खूप लोक तसं करतात आणि चार दिवस बरंही वाटतं. पण सिलिकॉनवर युरेथेन धरत नाही. पुढे काच नीट बसवायची वेळ आली की सगळा पत्रा खरवडावा लागतो. आणि ही काच नुसती वारा अडवायला नसते. गाडी उलटली तर छताला तिचा आधार असतो, शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना तिच्यावरच टेकते. चिकटवण्यातली हयगय मला म्हणूनच सहन होत नाही.

आता जाडा आवाज. आई, तू स्वेटरबरोबर दिलेला मोरपंखी लोकरीचा उरलेला गुंडा इथे कामी आला. बोटाएवढे तुकडे करून ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर बाहेरून रांगेने चिकटवले आणि आतून मोबाइलवर चित्रण केलं. मागचे धागे काचेला सपाट चिकटून मागे ताणलेले. पुढचे, खांबाच्या लगतचे, भिंगरीसारखे गरगर फिरत होते आणि आरशाच्या मागचे सैरभैर फडफडत होते. विंड टनेलमध्येही असेच धागे लावून हवा पृष्ठभाग सोडून कुठे तुटते ते बघतात. खांबामागचा तो भोवरा आणि आरशामागची खळबळ हाच जाड्या आवाजाचा उगम. ट्रेलर ओढण्यासाठी दिलेले मोठे आरसे आणि उभट नाक, ही या गाडीची घडणच आहे, ती बदलता येत नाही. पण बाहेरचा तो आवाज आत किती येऊ द्यायचा, हे दाराच्या रबराच्या हातात असतं.

म्हणून रबर तपासलं. इथले लोक एका डॉलरची नोट दारात धरून दार लावतात आणि नोट ओढून बघतात. घट्ट ओढली गेली तर रबर दाबलं जातंय. सहज सुटली तर नाही. खाली, पुढे, सगळीकडे नोट अडत होती. मागच्या वरच्या कोपऱ्यात ती अलगद हातात आली. रबरावर टाल्कम पावडर लावून दार लावलं आणि उघडलं, तर चौकटीवर पांढरी रेघ सलग उमटली आणि त्याच कोपऱ्यात तुटली. शिवाय वेगात दाराची वरची चौकट त्या उपशाने बाहेरच्या बाजूला किंचित वाकते. उभ्या गाडीत जेमतेम टेकणारं रबर हायवेवर सुटतं.

चौकटीवर दाराचं कुलूप अडकतं तो खुंटा, म्हणजे स्ट्रायकर, त्याच्याभोवती पेन्सिलीने खूण केली. स्क्रू थोडे सैल केले, खुंटा साधारण मिलिमीटरभर आत सरकवला, पुन्हा आवळला. यात घाई नको. जास्त सरकला तर दार आपटावं लागतं आणि कुलूप झिजतं. रबराची पोकळ नळी वर्षानुवर्षं दाबून चपटी झाली होती, ते नवीन घेतलं. बसवताना ओढून ताणायचं नाही. ताणलं तर ते पुढे आकसतं आणि कोपऱ्यात पुन्हा फट पडते. जिथे तिथे हाताने दाबत जायचं आणि रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं. वर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला. साधं ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, ते या रबराला फुगवतं.

जाडा आवाज पूर्ण गेलेला नाही, जाणारही नाही. पण ७५ मैलांना जावई आणि मी आता घरातल्या आवाजात बोलतो, आणि इतके महिने ऐकू न आलेला इंजिनाचा सूर ऐकू येतो. मला तो फार आवडतो.

दादा, आता तुझं. तुझी पिकअप ताशी ८० किलोमीटरच्या वर जात नाही. माझ्या १२० ला जेवढा वाऱ्याचा आवाज उठतो त्याच्या अकराव्या हिश्श्याहूनही कमी तुझ्याकडे उठायला हवा. तरी तू म्हणतोस की नाशिकला केळी पोचवून येईपर्यंत डोकं भणभणतं. म्हणजे तो गाडीच्या घडणीचा आवाज नाही. काहीतरी उघडं किंवा सैल आहे. पहिल्यांदा ताडपत्री आणि दोऱ्या पूर्ण काढून, रिकाम्या हौद्याने जळगाव-भुसावळ रस्त्यावर एक फेरी मार. आवाज गेला तर शोध तिथेच संपला. सपाट पट्ट्याने माल आवळत असशील तर पट्ट्याला एक पीळ दे. ताणलेला सपाट पट्टा वाऱ्यात थरथरून गुणगुणतो, पीळ दिला की गप्प होतो. काही गाड्यांच्या एरियलच्या काडीवर गोल गोल वेढे दिलेले असतात, तेही यासाठीच. नुसत्या गुळगुळीत काडीमागे हवा ठरावीक लयीत तुटते आणि काडी गाऊ लागते.

तेवढ्याने नाही गेला तर रंगाच्या दुकानातून मास्किंग टेप आण आणि अण्णांना शेजारी बसव. तू फक्त चालव. कान अण्णांचे आणि टेप काढण्याची पाळीही त्यांचीच, एका वेळी एकच. दाराला नोटेऐवजी वर्तमानपत्राची पट्टी चालेल. तुझी बाजू उजवी, हे लक्षात ठेवून माझं सगळं उलटं करून वाच.

अण्णा, दाराचं रबर चपटं निघालं तर त्याचा बोटभर तुकडा कापा, आडवा छेद कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढा आणि बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा. पत्र्यात अडकणाऱ्या खाचेची रुंदीही मोजा. नळी कितीही चांगली असली तरी खाच जुळली नाही तर रबर निसटतं. जळगावात त्या मापाचं मिळालं नाही तर इथे फुटावर कापून मिळतं, दिवाळीला येताना घेऊन येईन.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आई, गुडघ्याचं औषध वेळेवर घे.

कळावे,
तुमची लेक