एकदा कॉन्टेस्टला बस, मग भांड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग जरा चिडलो. कॉन्टेस्ट, म्हणजे जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायची रेडिओवरची स्पर्धा, म्हटलं की दोन दिवस कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांना ‘फाइव्ह नाइन, थँक यू’ म्हणत बसायचं, ना हवापाण्याची चौकशी ना नाव-गाव, याला तू हॅम रेडिओ, म्हणजे आपला हौशी रेडिओचा छंद, म्हणायलाच तयार नाहीस. त्यातलं निम्मं मला मान्य आहे. फाइव्ह नाइन, म्हणजे ‘सिग्नल अगदी उत्तम’ हा रिपोर्ट, ही तर धडधडीत थाप. ज्याचं कॉलसाइन (स्टेशनचं अक्षर-आकड्यांचं नाव) तीनदा विचारून घ्यावं लागतं, त्यालाही ‘तुझा सिग्नल खणखणीत येतोय’ असाच रिपोर्ट मिळतो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

पण खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइडची एसएसबी, म्हणजे आवाजी संपर्काची, कॉन्टेस्ट असते. यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे शनिवारी 00:00 पासून रविवारी 23:59 पर्यंत, सलग 48 तास. त्यात रिपोर्टसोबत आपला झोन सांगायचा. जगाचे असे 40 झोन पाडलेत. प्रत्येक बँडवर (10, 15, 40 मीटर अशा ठराविक लहरपट्ट्यांवर) मिळालेला नवा झोन आणि नवा देश हे गुणक, आणि एकूण गुणांना त्यांनी गुणायचं. त्यामुळे फ्रान्समधल्या आणखी एका स्टेशनपेक्षा कुठल्यातरी एकाकी बेटावरचा क्षीण आवाज कितीतरी मोलाचा.

आता गंमत बघ. पश्चिम युरोपचा बराच भाग झोन 14 मध्ये येतो आणि आइसलँड झोन 40 मध्ये. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा कुणीतरी माइक गेन (माइकचा जोर) पिळून तुझ्यावर चिखल उडवत असताना ‘फोर्टीन’ आणि ‘फोर्टी’ वेगळे ओळखून दाखव! म्हणून मुरलेले लोक ‘वन फोर’, ‘फोर झीरो’ असे सुटे आकडे बोलतात. कॉलसाइनचंही तेच. G या अक्षरासाठीचा ‘गोल्फ’ पोचत नसेल तर ‘जर्मनी’ म्हणून बघतात. लांब शब्दाचा एखादा तुकडा तरी गोंगाटातून निसटून पलीकडे जातो. तुला पाइल-अप, म्हणजे एकाच स्टेशनला एकदम हाका मारणारी गर्दी, म्हणजे नुसता आरडाओरडा वाटतो ना? त्यातून आधी एकच अक्षर धरायचं. मला एकदा 10 मीटरवर फक्त शेवटचं ‘लिमा’, म्हणजे L, ऐकू आलं. ‘स्टेशन एंडिंग लिमा’ म्हटल्यावर बाकीचे शहाण्यासारखे गप्प झाले आणि तो पूर्ण कळला. नाहीतर लिमाचा ल नसलेलेही बेधडक ओरडत राहतात. ती जमात सगळीकडे सापडते.

पण मी बसतो ते याहून वेगळ्या कारणासाठी. एरवी बँड उघडा आहे की नाही, म्हणजे त्यावर लांबचे सिग्नल पोचतात की नाही, हे कळायलाच मार्ग नसतो; उघडा असूनही कुणी बोलत नसेल तर तो मेल्यासारखाच वाटतो. त्या दोन दिवसांत मात्र जगभर कुणी ना कुणी सतत हाक मारत असतं, त्यामुळे आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे सिग्नल परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थरांत, काय चाललंय ते थेट ऐकू येतं. सूर्यडाग भरपूर असतील त्या वर्षी तर विचारूच नकोस. सूर्य वर आला की 10 मीटरवर आधी पूर्वेकडची स्टेशनं येतात, दिवस कलेल तशी पश्चिमेकडची. अंधार पडल्यावर थोड्या वेळात तिथे सगळं सामसूम. तोवर 40 आणि 80 मीटर जागे झालेले असतात, कारण दिवसभर तिथले सिग्नल गिळणारा आयनोस्फिअरचा खालचा डी थर विरलेला असतो. पुस्तकात हे आपण दोघांनी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. कानांनी ऐकल्यावर मला ते पहिल्यांदा पटलं.

तू 100 वॉट आणि साध्या डायपोलचं, म्हणजे तारेच्या अँटेनाचं, रडगाणं गायलायस. त्याने काही अडत नाही. शनिवारी मोठ्या स्टेशनांच्या दारात गर्दी असते, तेव्हा बँडवर फिरत ज्याच्याकडे रांग कमी त्याला गाठ. रविवारी दुपारनंतर चित्र पालटतं. त्यांनी सगळे दणदणीत सिग्नल केव्हाच लॉग केलेले (संपर्कांच्या नोंदवहीत लिहिलेले) असतात आणि नवं कॉलसाइन ऐकलं की ते जीव तोडून कान देतात. तुझ्यासारख्यांचा तोच खरा वेळ. आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) थोडा कमी ठेव, फिल्टर अरुंद कर आणि कॉलसाइन एकदाच, स्पष्ट बोल.

फक्त अंदाजाने काही लिहू नकोस. तपासणीत कॉलसाइन चुकीचं निघालं की तो संपर्क तर जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण कापतात. शंका आली तर पुन्हा विचार, चिडत कुणी नाही. कॉन्टेस्ट संपल्यापासून पाच दिवसांच्या आत लॉग पाठवायचा. संपर्क थोडे असले तरी पाठव, दुसऱ्यांचे लॉग ताडून बघायला तो उपयोगी पडतो.

तुझ्या डायपोलचा 10 आणि 15 मीटरवरचा एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचं माप) मोजून कळव. जास्त असेल तर तार कापण्याआधी मला विचार.

तुझा,
कॉन्टेस्टवेडा मित्र