व्हेरोनाचे विजेतेपद चिठ्ठ्यांनी दिलेले नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या क्रीडापानावरील इटालियन फुटबॉलविषयीचा लेख काल पुन्हा एकदा वाचला आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. १९८४-८५ च्या हंगामात पंचांची नेमणूक चिठ्ठ्या टाकून झाली, म्हणूनच हेलास व्हेरोना हा संघ सेरी ए या इटलीच्या सर्वोच्च लीगचा विजेता ठरला, हे लेखकाचे विधान मला मुळीच मान्य नाही. ती पद्धत तेव्हा होती हे खरे, पण चिठ्ठ्या सोळाही संघांच्या सामन्यांसाठी टाकल्या जात होत्या, एकट्या व्हेरोनासाठी नव्हे. इटलीत नुकत्याच आलेल्या माराडोनाच्या नापोलीला पहिल्याच फेरीत ३-१ असे हरवताना त्याला सामनाभर जखडून ठेवण्याचे आणि शिवाय स्वतः गोल करण्याचे काम व्हेरोनाच्या ब्रिगेलने केले. त्याचे श्रेय पंचनेमणुकीला कसे देता येईल? ऑक्टोबरमध्ये युव्हेंटसविरुद्ध व्हेरोनाचा आघाडीपटू एल्केअर याचा बूट निघून पडला आणि तशाच पायाने त्याने गोल केला. तीस सामन्यांत पंधरा विजय, तेरा बरोबरी, फक्त दोन पराभव आणि अवघे १९ गोल स्वीकारलेले, हा हिशेब लेखात एका ओळीतही नाही. प्रशिक्षक बान्योलींचा हा संघ १९८२ मध्ये वरच्या श्रेणीत परतला, लगेच चौथा आला आणि इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत सलग दोनदा हरला. तीन वर्षे अशी वाटचाल करणाऱ्या संघाच्या यशाला लेखात ‘अपघात’ म्हणणे अन्यायाचे आहे.

मला हे इतके लागण्याचे कारण जुने आहे. १९९१ मध्ये एका आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत ‘१९८५ चा इटालियन विजेता संघ कोणता?’ असा प्रश्न आमच्या वाट्याला आला. मी क्षणाचाही विलंब न लावता ‘व्हेरोना’ असे उत्तर दिले. परीक्षकांनी ते चूक ठरवले, कारण त्यांच्या कागदावर युव्हेंटस लिहिलेले होते. युव्हेंटसने त्या वर्षी युरोपियन चषक जिंकला होता, लीग नव्हे, हे मी उभा राहून सांगितले. तेव्हा ‘असल्या नावाचा संघ इटलीत विजेता होऊच शकत नाही’ असे म्हणून मला खाली बसवण्यात आले. एका गुणाने आमचा चषक गेला. घरी परतताना बसमध्ये माझा जोडीदार माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, कारण त्यालाही मीच चुकलो असे वाटत होते. पुरावा दाखवायला तेव्हा हाताशी काहीच नव्हते. छोट्या शहराचा संघ जिंकूच शकत नाही आणि जिंकलाच तर त्यामागे काहीतरी वेगळे असणार, हा तोच समज आपल्या लेखात छापलेला पाहून मला फार वाईट वाटले.

आणखी एक गोष्ट. लेख व्हेरोनाचा, पण सोबत छायाचित्र माराडोनाचे! नापोली त्या हंगामात आठव्या स्थानी राहिला होता. १२ मे १९८५ रोजी बेर्गामोत अटालांटाशी १-१ अशी बरोबरी साधून ज्यांनी विजेतेपद निश्चित केले, त्यांच्यापैकी एकाचेही छायाचित्र आपल्याला मिळू नये, याचे आश्चर्य वाटते. गोलरक्षक गारेला किंवा कर्णधार त्रिचेल्ला यांचे चालले असते. पुढील रविवारी आपण ते छापावे आणि ‘अपघात’ हा शब्द मागे घ्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर