मागचा ॲक्सल बदलावा की नाही

ठाणे, दि. ४ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या थार जीपचा मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरवणारा सबंध आडवा भाग, बदलावा की नाही, या प्रश्नावर मी तीन आठवडे अडलो आहे. पावसाळ्यापूर्वी काही तरी ठरवले पाहिजे आणि ही गाडी माझ्याइतकीच तूही ओळखतोस, म्हणून सगळे तुझ्यापुढे मांडतो.

गेल्या सप्टेंबरात मुरबाडच्या पुढे ओढ्यात आपण अडकलो होतो, ते तुला आठवत असेल. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी फिरत होते, जमिनीवर टेकलेली दोन्ही चाके मात्र ढिम्म होती. ॲक्सलच्या मधोमध बसून इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ जोर लागतच नाही, त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य, जोर मिळतो. तू हँडब्रेक दोन दात ओढायला सांगितलास, मोकळ्या चाकाला अटकाव झाला, तेवढा जोर दुसऱ्या चाकाकडे गेला आणि गाडी निघाली. दोन्ही चाके एकत्र जखडून सोबत फिरवणारा लॉकर हवा, हे मला त्या संध्याकाळी मनापासून पटले.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती आणि तिची जबाबदारी पूर्णपणे माझी आहे. बराच वेळ चालून तापलेले हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचे बंद कवच, थंड पाण्यात अर्धा तास बुडून राहिले. आतली हवा आकसली आणि हवा जा-ये करण्याच्या छिद्रातून, म्हणजे ब्रीदरमधून, पाणी ओढले गेले. ऑइल त्याच आठवड्यात बदलायला हवे होते, मी नोव्हेंबरपर्यंत थांबलो. वागळे इस्टेटमधल्या आपल्या मिस्त्रींनी बोल्ट सैल केला, तेव्हा दूध घातलेल्या चहासारखे ऑइल बाहेर आले. आता घोडबंदर रोडवर साठच्या वेगाला मागून बारीक घरघर ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर सोडला की तिचा सूर बदलतो. पिनियनची, म्हणजे डिफरन्शियल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाची, बेअरिंग गेली असावीत, असे मिस्त्री म्हणतात.

याच वेळी शीळफाट्याच्या एका यार्डात एका अपघातग्रस्त थारचा सबंध मागचा ॲक्सल मिळतो आहे. २०१५ च्या नव्या आवृत्तीत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आले. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की ते आपोआप जखडते, त्याला बटण लागत नाही. माझी गाडी त्याआधीची आहे. मिस्त्रींचे म्हणणे असे की स्प्रिंगचे पाटे, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचा जॉइंट सोडायचा, नवे हाउसिंग चढवायचे आणि संध्याकाळी गाडी घरी न्यायची. घरघरही जाईल आणि लॉकरही मिळेल. पहिले दोन दिवस मलाही हे इतके सोपे वाटले की मी पैसे काढून ठेवले होते.

मग शंका येऊ लागल्या. सर्वांत मोठी शंका रेशोची आहे, म्हणजे मोठ्या क्राउन चक्राच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणाऱ्या आकड्याची. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील तर रेशो ३.७३ येतो, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असेल, तर फोर-व्हील लावताच दोन्हीकडची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि तो सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारी पेटी) व जॉइंट सोसतात. चिखलात चाके घसरून ताण सुटतो, पण कोरड्या खडकावर काही तरी तुटते. यार्डवाला म्हणतो, ‘साहेब, सगळे सारखेच असतात.’ त्याच्या शब्दावर मी एवढा धोका पत्करणार नाही. मागचे झाकण उघडून दात मोजू देशील का, असे विचारले, तेव्हा तो टाळाटाळ करू लागला. तिथेच माझे मन निम्मे फिरले.

उरलेले निम्मे त्या गाडीच्या अपघाताने फिरवले. धडक मागून बसली होती. हाउसिंगची नळी थोडी जरी वाकली असेल, तरी ती डोळ्यांना दिसत नाही आणि पुढे टायर, सील व बेअरिंग खात राहते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबाबत कडक आहे आणि यार्डवाला तर साधी पावती द्यायलाही तयार नाही. उद्या विमा कंपनीने विचारले, तर मी काय दाखवू?

म्हणून सबंध ॲक्सल घ्यायचा नाही, या मतापर्यंत मी आलो आहे. आपलेच हाउसिंग उघडावे, बेअरिंग आणि सील नवे घालावेत, क्राउन-पिनियन शाबूत असेल तर तीच जोडी ठेवावी आणि चाकाकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टच्या टोकावरच्या खाचांशी (स्प्लाइनशी) जुळणारा नवा लॉकर पावतीसह बसवावा. ब्रीदरची नळी बॉडीच्या वर न्यायची, हे तर ठरलेच. खर्च जवळजवळ दुप्पट होईल आणि गाडी आठवडाभर उभी राहील, पण आत काय आहे हे मला माहीत असेल.

माझी अडचण एकच आहे. शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली फट, बसवण्याचे काम आपले मिस्त्री हाताच्या अंदाजाने करतात. त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे, तरी हे काम मोजून व्हावे असे वाटते. तुझ्याकडे ही फट मोजायचे डायल गेज आहे. येत्या रविवारी नाशिकहून पहाटे निघालास, तर दहापर्यंत ठाण्यात पोहोचशील. झाकण तू आल्यावरच उघडू. दात झिजलेले निघाले, तर पुढचे तिथेच ठरवू. येणे जमेल की नाही, एवढे शुक्रवारपर्यंत कळव.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
ठाण्याचा मित्र