पैठणी उलटी करून बघा

महोदय,

लेकीच्या लग्नासाठी शहरातल्या एका दुकानातून ‘येवल्याची, हातमागाची’ म्हणून पैठणी घेतली. घरी पदर उलटा केला, तर मोरांच्या मागे सुट्या धाग्यांचं जाळं! हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, कारण विणकर रंगारंगाचा धागा हाताने एकमेकांत अडकवत जातो. भरगच्च पदरासाठी महिना-महिना मागावर बसावं लागतं. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या अस्सल मालालाच ते नाव लावता यावं म्हणून दिलेलं कायदेशीर संरक्षण आहे, तरी ही फसवणूक! यंत्रमागाचं कापड वाईट नाही, मालेगावातली हजारो घरं त्यावर चालतात. पण ते यंत्रमागाचं म्हणूनच विकावं. प्रशासनाने लग्नसराईआधी दुकानांची तपासणी करावी.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक