पाठीतलं पाणी काढल्यावरचं डोकं टेन्शननं दुखत नाही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्याच्या पानावर त्या बाईच्या प्रश्नाला जे उत्तर छापलं ते वाचून खूप वाईट वाटलं आणि रागही आला, म्हणून लिहित आहे. पाठीतलं पाणी (तपासणीसाठी मणक्यात सुई टोचून काढतात ते) काढल्यापासून डोकं दुखते, काय करू, एवढंच तिनं विचारलं. तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं की चोवीस तास चित झोपायचं असते ते तुम्ही पाळलं नसेल, भरपूर पाणी प्या, दोन-तीन दिवसात थांबते, नाही थांबलं तर मानसिक ताण असू शकतो, मन रमवा. अहो, पण झोपल्यावर दुखणं कमी होते का हे तिला एकदाही विचारलं नाही. तोच तर पहिला प्रश्न आहे. उठलं, बसलं की डोकं फुटते आणि आडवं झालं की थोड्या वेळात उतरते, ही या दुखण्याची खूण आहे. टेन्शनचं डोकं असं उठण्या-झोपण्यावर चालत नाही.

मी हे भोगलं आहे. पोळ्याच्या सुमारास मला ताप भरला, मान आखडली, तेव्हा शहरातल्या एका दवाखान्यात पाठीतून पाणी काढलं. ते काढलं याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मेंदूज्वर आहे का नाही ते त्याशिवाय कळलंच नसतं. रिपोर्ट चांगला आला, ताप उतरला, सुट्टी दिली. कार्डावर गोळ्यांची नावं आणि पुन्हा दाखवायची तारीख, बस. डोकं दुखू शकते, दुखलं तर काय करायचं, कोणाला दाखवायचं, याचा एक शब्द नाही, तोंडीही नाही. काळीपिवळीत बसून घरी येतानाच मागून मानेपासून ठणका सुरू झाला आणि कानात सूं सूं आवाज. दुसऱ्या दिवशी चुलीसमोर बसली, एक भाकर तव्यावर टाकली, ती पलटवायच्या आधीच डोळ्यापुढं अंधारी आली, उलटीसारखं झालं आणि तिथंच चुलीपाशी जमिनीवर आडवी झाली. थोड्या वेळानं बरं वाटलं म्हणून उठली तर पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "झोपली का बरी, उठली का बिमार, असं कोणतं दुखणं असते वं बापा?" त्या रागानं नाही म्हणाल्या, त्यांना खरंच समजत नव्हतं. पण त्याच दवाखान्यात पुन्हा गेली तेव्हा डॉक्टरांनीही टेन्शन घेऊ नका म्हणून गोळ्या लिहून दिल्या, त्याचं मला आजही वाईट वाटते. दसरा आला, वेचणी सुरू झाली, सगळं गाव वावरात आणि मी खाटेवर. जावेनं दोन घरचं काम ओढलं. कोणी गॅस म्हणे, कोणी बाहेरचं म्हणे, उतारासुद्धा झाला.

शेवटी नागपूरला एका भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं की आडवं झाल्यावर कमी होते का. त्या एका प्रश्नात निदान झालं. त्यांनी समजावलं की मेंदू आणि मणक्याभोवती पाणी असते, मोठ्या माणसात साधारण 150 मिली, आणि ते एका पडद्याच्या पिशवीत असते. सुई गेली तिथलं छिद्र कधी कधी लवकर बुजत नाही, पाणी आतल्या आत झिरपत राहते, उभं राहिलं की मेंदूला आधार कमी पडतो, ताण बसतो. ठिबकच्या नळीला बारीक भोक पडलं तर शेवटच्या झाडापर्यंत प्रेशर पोचत नाही, तसंच समजा. आराम, चहा-कॉफी, पॅरासिटामॉल यानं बऱ्याच जणांचं भागते. नाही भागलं तर आपल्याच हातातलं साधारण 20 मिली रक्त काढून पाठीत त्या छिद्राच्या जवळ, पडद्याच्या बाहेर सोडतात, ते गोठून छिद्र बंद होते. ब्लड पॅच म्हणतात त्याला. 1960 पासून हा उपाय माहीत आहे. माझं त्यानंच थांबलं. तुमच्या अख्ख्या उत्तरात हे नाव नाही!

आणि चोवीस तास झोपून राहिल्यानं हे दुखणं टळते हेही खरं नाही. झोपलं असेपर्यंत बरं वाटते एवढंच. मग त्या बाईवर पाळलं नसेल असा ठपका कशाला? माझी पुतणी नर्सिंगला आहे, तिनं लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकातला 2018 चा अभ्यास मोबाईलवर काढून दाखवला, पेशंटवर केलेल्या शंभराहून जास्त चाचण्यांचा हिशोब आहे त्यात. नेहमीच्या धारदार टोकाच्या सुईनं शंभरातल्या 11 जणांना डोकेदुखी झाली, पेन्सिलसारख्या टोकाच्या सुईनं 4 जणांना. म्हणजे फरक सुईनं पडतो. हे पेशंटच्या हातात आहे का?

मी आशा सेविका आहे, गावातल्या बाळंतिणींकडे रोजचं जाणं-येणं आहे. सिझरला पाठीत भुलीचं इंजेक्शन देतात तेव्हाही हेच होऊ शकते, तिथली सुई बारीक असते म्हणून कमी जणींना होते, पण होते. लेकराला पाजायला उठून बसलं की डोकं धरून रडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. घरचे म्हणतात कानात वारं शिरलं, स्कार्फ बांध. अशा बाईनं तुमचं उत्तर वाचलं तर ती कोणाला दाखवायलाच जाणार नाही.

यात मोठं नुकसान दुसरंच आहे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होते, असं आमच्याकडे अजूनही बोलतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली टोचतात, हे कोणी सांगत नाही. त्यात पेशंट घरी येऊन महिनाभर खाटेवर पडला की गावाची खात्रीच पटते. लेकरांना मेंदूज्वर करणारा चांदीपुरा व्हायरस 1965 मध्ये आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या गावात सापडला, त्या गावाचंच नाव त्याला आहे. पावसाळ्यात लेकराला ताप येऊन झटके आले की मेंदूज्वर कशानं आहे ते पाहायला डॉक्टर पाठीतलं पाणी मागतात. तेव्हा माय-बाप नाही म्हणतात आणि त्यांना समजावायला आम्हीच जातो. सुट्टी देताना दोन मिनिटं सांगितलं तर आमचं अर्धं काम हलकं होईल.

तरी विनंती आहे की दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापा. त्या बाईला स्पष्ट सांगा की भूलतज्ज्ञाला किंवा मेडिकल कॉलेजला दाखव. ताप आला, एकाचे दोन दिसायला लागले, झटके आले, किंवा आधी झोपल्यावर थांबणारं डोकं आता झोपूनही थांबत नसेल तर एक दिवसही घरी थांबू नको, हेही लिहा.

मागच्या पावसाळ्यात नाल्याच्या पुलाबद्दल मी पत्र पाठवलं होतं. तुम्ही छापलं, पण गरोदर बाईला बंडीत टाकून नाला पार करावा लागला तेवढाच भाग कापला. पूल अजून तसाच आहे. या पत्रातलं रक्ताच्या उपायाचं तरी कृपया कापू नका.

आपली वाचक,
एक आशा सेविका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ